इल्हाक

बाळाच्या कानात नाव सांगून झालं, पाळण्याला झोके देऊन झाले, घुगऱ्या वाटून झाल्या. गव्हाच्या हुग्गीची दुसरी पंगत बसणार, तोच कचेरीचा जमादार बाबामियाँ ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"या बाबामियाँ. पान वाढाया सांगतो," बसप्पा कोरे म्हणाले.

"आज जेवाया न्हाय आलो, शेटजी."

कोऱ्यांच्या घरची हुग्गी बाबामियाँनं सोडली, असं गेल्या वीस वर्षांत घडलं नव्हतं. त्याच्या हातातल्या कागदाची भीती नंतर वाटली. आधी वाटली ती या वाक्याची.

बसप्पांनी कागद घेतला, उर्दू आहे एवढं पाहिलं आणि मधल्या दाराकडे हात लांब केला. "शिवकांता, वाच."

शिवकांता घरातली थोरली. आळंदला दिलेली, भावाच्या मुलाचं नाव ठेवायला आत्या म्हणून चार दिवसांपूर्वी कळंबला आली होती. शेजारच्या ताहेराबींच्या ओसरीवर ती लहानपणी उर्दू शिकली आणि आडतीत बापाच्या गादीशेजारी बसून मोडी. बसप्पा बाजारात सांगायचे, "आमची शिवकांता वाचती तेच कागदावर असतं. एक अक्षर कमी न्हाय, एक जास्ती न्हाय." तिला या कौतुकाचा संकोच वाटे, पण ते खरं होतं. कागदाशी खोटं बोलणं तिला जमत नसे, जसं काही जणांना पोहणं जमत नाही.

तिनं एकदा मनात वाचलं, मग मोठ्यानं मराठीत सांगितलं. तारीख दै महिन्याची सतरा, सन तेराशे सत्तावन्न फसली. कळंब यंगमेन फुटबॉल क्लबचं सदस्यांचं रजिस्टर बघायला पोलिसांचे अमीनसाहेब आज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर बसप्पा कोरे यांच्या घरी येतील. सोमलिंग वल्द बसप्पा आणि सरकारी शाळेचे उर्दू मास्तर जैनोद्दीन वल्द महेबूबसाहेब यांनी हजर राहावं. रियासतीविरुद्ध मजकूर भिंतीवर चिकटवल्याची चौकशी आहे.

"घरी का येत्यात?" हणमंतप्पानं विचारलं. बारसं त्याच्याच मुलाचं होतं. "कचेरीत का बोलावलं न्हाय?"

"साहेब बोलले, शेटजींच्या घरचा दिवस हाय, आज कुणाला ओढू नका," बाबामियाँ म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पर हितं समाधान न्हाय झालं, तर उद्या दोघास्नी धाराशिवला धाडावं लागल, असं बी बोलले."

धाराशिवला म्हणजे जेलात. ते कुणी उलगडून सांगितलं नाही.

"मजकूर कोणता?" शिवकांतानं विचारलं.

बाबामियाँला वाचता येत नव्हतं. पण एक शब्द त्यानं सकाळपासून इतक्यांदा ऐकला होता की तो पाठ झाला होता. "इल्हाक," तो म्हणाला.

तुपाचं भांडं घेऊन पंगतीत शिरलेला धाकटा सोमलिंग जागच्या जागी थांबला.

*

इल्हाक हा शब्द त्या सत्तेचाळीसच्या वर्षी कळंबच्या बाजारात ज्वारीच्या भावासारखा रोज नवा होऊन येत होता. हैदराबादचा इल्हाक, म्हणजे सामिलीकरण, हिंदुस्थानशी होणार की नाही? कोण म्हणे करारावर सही झाली, कोण म्हणे एका वर्षापुरती. रझाकारांच्या टोळ्या हा शब्द ऐकला की काठ्या उचलत. बार्शीच्या वाटेनं रोज दोनचार बैलगाड्या बिऱ्हाडं भरून हद्दीपलीकडे जात होत्या.

सोमलिंगनं मात्र हा शब्द उच्चारलाच नव्हता. तो मराठीत म्हणाला होता, 'संलग्न'.

झालं होतं ते असं. बार्शीच्या एका मंडळानं पौषात फुटबॉलचे सामने ठेवले होते, आणि नियम असा की अखिल हिंदुस्थान फुटबॉल फेडरेशनशी जोडलेल्या क्लबांनाच मैदानात उतरता येईल. कळंबचा क्लब आठ वर्षं हैदराबादच्या असोसिएशनशी जोडलेला होता. पण ऑगस्टनंतर हैदराबादची असोसिएशन फेडरेशनची मेंबर राहिली की नाही, हे कळंबमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. सोलापूरच्या वर्तमानपत्रात मात्र आलं होतं की फेडरेशन आता जगाच्या संघटनेत शिरण्याच्या खटपटीत आहे. सोमलिंगनं ते कात्रण खिशात ठेवून ठेवून चिंधी केलं. मांजरेच्या काठच्या माळावर चौदा जण बसले, आणि ठरलं की आपण सरळ फेडरेशनलाच लिहू. सोमलिंग मराठीत सांगत गेला, क्लबचा सेक्रेटरी म्हणून जैनोद्दीन उर्दूत लिहीत गेला. संलग्न होणं म्हणजे इल्हाक. शब्द चोख होता. जैनोद्दीनचे सगळेच शब्द चोख असत. अर्ज टपालात पडला आणि ठरावाची नक्कल नेहमीसारखी बाजारातल्या भिंतीवर लागली.

*

"तो शब्द त्याचा हाय ना? अक्षर त्याचं हाय ना?" हणमंतप्पा म्हणाला. पंगत कशीबशी उठवून पाहुण्यांना वाटेला लावलं होतं. माजघरात आता घरचेच होते. "मग तू कशाला मधी पडतोस?"

"ठराव म्या मांडला, अण्णा."

"मांडला तर मांडला. तुझ्या तोंडातनं तो शब्द निघाला न्हाय. जैनोद्दीन मुसलमान हाय, सरकारी मास्तर हाय, त्याला दोन शब्द बोलून सोडून देतील. तू हिंदूचा पोर. तुला स्टेट काँग्रेसचा म्हनून आत घालतील आन् किल्ली मांजरेत टाकतील."

"त्याला सोडतील व्हय? मुसलमान असून असं लिवलं म्हनून रझाकार त्याला आदी धरतील."

दोघंही खरं बोलत होते, आणि शिवकांताला त्याचीच भीती वाटली. खोटं खोडता येतं.

"अव्वा, तुमी तरी सांगा याला," हणमंतप्पा आईकडे वळला.

चन्नम्मा तांदळाच्या परातीसमोर बसल्या होत्या. तांदूळ निवडून झाले होते, तरी हात चालूच होता. "हणमंता म्हनतोय त्यात वाईट काय हाय, सोमू? आमी काय जैनूचं वाईट चिंतत न्हाय. पर तू माझ्या पोटचा हायेस."

"अन् जैनूला तुमीच दूध पाजलं होतं म्हनता ना? त्याच्या आईला ताप होता तवा?"

"पाजलं तर," चन्नम्मा रागानं म्हणाल्या. "माझंच पाजलं, माझ्याच तोंडावर मारतोस व्हय रं?"

बसप्पा खांबाला टेकून बसले होते. फुटबॉलविषयी त्यांचं मत आठ वर्षं एकच होतं: बावीस शहाणी माणसं एका चेंडवामागं पळतात, त्यापेक्षा प्रत्येकाला एकेक चेंडू घेऊन द्यावा.

मागच्या दारानं ताहेराबी आल्या, मागून रजिस्टर काखेत घेतलेला जैनोद्दीन आणि त्याची बायको गुलबानो. ताहेराबींनी बसायच्या आधीच सुरुवात केली.

"चन्नम्मा, क्या बोलूं? इस्कू शब्दां लिखने का लई शौक. मैं बोली थी, बावा, छोटा लिख. भिंतीवर कोण एवढं वाचतंय?"

"अम्मी, वर हेडिंग होतं ना," जैनोद्दीन म्हणाला. तो सोमलिंगच्याच वयाचा, पण चष्म्यामुळं दहा वर्षांनी मोठा दिसे. "मोठ्या अक्षरात लिवलं होतं. ठराव, कळंब यंगमेन फुटबॉल क्लब, बाबत ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. म्हणून खाली परत परत फुटबॉल लिवलं न्हाय. नुसतं लिवलं, आमचा इल्हाक हैदराबादऐवजी ऑल इंडियाशी व्हावा. सर्व चौदा सदस्यांचं एकमत."

"मग हेडिंग वाचलं न्हाय का अमीननं?" शिवकांतानं विचारलं.

उत्तर गुलबानोनं दिलं. "हेडिंग राहिलंच न्हाय, अक्का. वरच्या बाजूला खळ जास्ती लावली होती. कडूबाईच्या शेळीनं तेवढंच खाल्लं."

मग सोमलिंगच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि चन्नम्मांनी पदर तोंडाला लावला. ताहेराबी म्हणाल्या, "हँसो मत! शेळीला धाराशिवला न्हेनार न्हाईत!" आणि त्या स्वतःच सगळ्यांत जास्त हसल्या. हणमंतप्पासुद्धा हसला. हसताना तो अजून सोळा वर्षांचा दिसतो, हे शिवकांताच्या लक्षात आलं. ओसरीवर बाबामियाँला आता पान वाढलं होतं. त्यानं आतून हसू ऐकलं आणि हुग्गीवर जरा सैल हातानं तूप ओतून घेतलं.

हसू ओसरल्यावर जैनोद्दीननं रजिस्टर उघडलं आणि खिशातून टाक काढला.

"हणमंतअण्णा, मला कळतंय तुमच्या मनात काय हाय," तो म्हणाला. "मी पण तेच ठरवून आलो. सोमूचं नाव मेंबरांत पाचवं हाय. त्याच्यापुढं लिवतो की गेल्या वर्षीच्या दिवाळीला नाव कमी केलं. मग ठरावाशी त्याचा संबंधच उरत न्हाय. चौदाचे तेरा करतो."

हणमंतप्पानं मान डोलावली. चन्नम्मांनी डोळे मिटले. ज्याच्यावर बोट ठेवायचं त्यानंच ते बोट उचलून आपल्या छातीवर ठेवलं, तेव्हा माजघरात कुणालाच सुटल्यासारखं वाटलं नाही.

"नक्को," सोमलिंग म्हणाला आणि त्यानं पानावर पंजा ठेवला.

"हात काढ. शाई लागंल."

"लागू दे. जैन्या, माझं नाव खोडलंस तर परत जन्मात तुला पास देनार न्हाय."

"तू तसंबी कधी देतोस?"

"भांडू नका," शिवकांता म्हणाली. "रजिस्टर इकडं द्या."

तिनं ते मांडीवर घेतलं आणि उजवीकडून पहिलं पान उघडलं. तिची रीत अशी होती की एखाद्या गोष्टीचा अर्थ लागेना, तर ती त्याआधी कुठं घडली होती ते बघायचं. हा शब्द क्लबच्या कागदांत आधी कधी आला आहे का? गुलबानो शेजारी येऊन बसली. दोघी लहानपणी ताहेराबींच्या ओसरीवर अशाच एका पाटीवर मान घालत. आठ वर्षांचे ठराव: ब्लॅडर फाटलं, नवं आणावं. गोलचा बांबू कुणीतरी मंडपाला नेला, परत मागावा. शांतलिंगनं पंचाला शिवी दिली, माफी मागावी. माफी मागितली. नाव दाखल, नाव कमी, नाव पुन्हा दाखल. गुलबानोचं बोट पुढं, शिवकांताचे डोळे मागं.

"अक्का," गुलबानो म्हणाली आणि तिनं बोट दाबून धरलं.

पानाला एक टाईप केलेलं पत्र चिकटवलेलं होतं. सन तेराशे एकोणपन्नास फसली, हैदराबादच्या असोसिएशनचा शिक्का. दोनच ओळी. कळंबच्या क्लबचा इल्हाक मंजूर करण्यात येत आहे.

शिवकांतानं ते दोनदा वाचलं. मग मराठीत सांगितलं. जैनोद्दीननं चष्मा काढून पुसला. "मी हा शब्द ह्याच्यातनंच उचलला असंल," तो म्हणाला. "आठवत न्हाय. पर हितनंच."

"शब्द सरकारच्या गावचाच हाय," हणमंतप्पा हळू म्हणाला. त्याच्या आवाजात व्यापाऱ्याला खरा माल हातात आल्यावर येते तशी धार आली. "मग हेच दाखवायचं. खोडाखोड न्हाय करायची. खोडलेला कागद कुनीबी धरतंय."

सोमलिंगनं पानावरून हात काढला. पंजावर शाई लागलीच होती.

*

अमीनसाहेब उन्हं कलल्यावर आले. मूळचे हैदराबादचे, उंच, बोलण्यात सावकाश. त्यांनी बाळ बघितलं, त्याच्या मुठीत एक रुपया ठेवला, हुग्गी नको म्हणाले आणि चहा घेतला. मग ओसरीवरच्या गादीवर बसून त्यांनी खिशातून भिंतीवरचा कागद काढला. वरची कड शेळीच्या दातांनी अगदी सरळ कापली होती.

शिवकांता मधल्या दाराआड बसली. एका बाजूला अव्वा, दुसऱ्या बाजूला ताहेराबी. दोघींनी तिचा एकेक हात धरला होता, आणि दोन्ही हात सारखेच गार होते.

जैनोद्दीननं रजिस्टर पुढं केलं. ठराव दाखवला, त्याचं शाबूत हेडिंग दाखवलं, मग आठ वर्षांपूर्वीचं पत्र. अमीनसाहेबांनी सगळं वाचलं. शेळीचं ऐकलं, तेव्हा त्यांच्या मिशा हलल्या.

"लफ्ज़ समझ में आ गया," ते म्हणाले. "मास्टर साहब, लफ्ज़ आपने सही लिखा. मुसीबत ये है कि आठ साल पहले ये लफ्ज़ खेल का था. आज नहीं है."

"जी."

"और ये तो बताइए, हैदराबाद खुद उस फेडरेशन में है या नहीं?"

"मालूम नहीं, साहब."

"मुझे भी नहीं मालूम. किसी को नहीं मालूम." त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "मगर मुझे ऊपर रिपोर्ट लिखनी है. तिथं विचारतील, हैदराबाद सोडून दुसरीकडं जायचं हे डोक्यात कुणाच्या आलं? एक नाव लागंल." साहेब मराठी बोलले म्हणून सगळे दचकले. बोलता येत होतं त्यांना, इतका वेळ बोलले नव्हते इतकंच. "जो जिम्मेदार असंल त्यानं रजिस्टरात लिहून सही करावी. सच्ची बात."

"मी," सोमलिंग म्हणाला.

"मी, साहब. अक्षर माझं हाय," जैनोद्दीन म्हणाला.

दोघांचे हात एकदम टाकाकडे गेले. पण टाक तिथं नव्हता. तो बसप्पांच्या हातात होता.

त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. उर्दू वही उजवीकडून सुरू होते, हे त्यांना आयुष्यभर कचेऱ्यांत जाऊनही कधी लक्षात ठेवावंसं वाटलं नव्हतं. त्यांनी ते आडतीच्या वहीसारखं डावीकडून उघडलं. पान कोरं निघालं. शेवटचं पान, पण त्यांच्या लेखी पहिलं. त्यांचा चेहरा खुलला. जैनोद्दीन 'काका, उलटं' म्हणायला पुढं झुकला, पण हणमंतप्पानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बसप्पांनी वर 'श्री' काढला. मग मोडीत, हात न उचलता, दोन ओळी लिहिल्या. शाई टिपायला वाळू नव्हती म्हणून फुंकर मारली.

अमीनसाहेबांनी वही फिरवून बघितली. "ये तो मोडी है. मेरा पढ़नेवाला कारकून कचेरीत राहिला. काय लिवलंत, शेटजी?"

"लिवलंय ते लिवलंय. माझी पोरगी वाचून दावंल. शिवकांता!"

ताहेराबींनी हात सोडला. अव्वांनी सोडायला जरा वेळ लावला. शिवकांता डोक्यावरचा पदर नीट करून उंबऱ्यापाशी आली आणि हणमंतप्पानं दिलेली वही तिनं हातात घेतली.

पहिली ओळ: बसप्पा विरुपाक्षप्पा कोरे, वय बासष्ट, राहणार कळंब, धंदा आडत, क्लबचा मेंबर. रजिस्टरात नाव चढलं, म्हणजे हे आता खरंच होतं.

दुसरी ओळ: हा ठराव मुलांनी माझ्या सांगण्यावरून केला, जे काही असेल ते मजकडे.

तिनं नेहमीसारखं एकदा मनात वाचून घेतलं, त्यामुळं बाहेर कुणाला काही वावगं दिसलं नाही. अप्पा तिच्याकडे शांत बघत होते. एक अक्षर कमी न्हाय, एक जास्ती न्हाय. त्यांनी सगळा हिशेब तिच्यावर बांधला होता: ही वाचेल तेच कागदावर असतं, हे गावाला माहीत आहे, तेव्हा साहेबालाही पटेल. बासष्टाव्या वर्षी, गुडघे धरलेले असताना, ते धाराशिवच्या फरशीवर निजायला निघाले होते, आणि त्याची चिठ्ठी तिच्या हातून देववत होते.

"बोलिए, बहनजी."

"बसप्पा वल्द विरुपाक्षप्पा कोरे," ती उर्दूत म्हणाली. आवाज तिचाच होता, जरा दुरून आल्यासारखा. "उम्र बासठ साल. साकिन कळंब. पेशा आडत. रुक्न, कळंब यंगमेन फुटबॉल क्लब."

"बस?"

"बस."

"सतरें तो दो हैं. ओळी दोन."

ओसरीवर मोडी वाचता येणारे आता तिघंच होते. ज्यानं लिहिलं तो, जिनं वाचलं ती, आणि हणमंतप्पा. सोमलिंगचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. त्याला मोडी म्हणजे पावसात धावलेल्या मुंग्या. शिवकांतानं हणमंतप्पाकडे बघितलं नाही. बघायची गरज पडली नाही.

"मोडी लई पसरट असती, साहेब," हणमंतप्पा म्हणाला. "एवढ्यालाच दोन ओळी लागत्यात. अक्कानं बराबर वाचलं."

अमीनसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मग बराच वेळ बसप्पांकडे. "शेटजी, आप फुटबॉल खेलते हैं?"

बसप्पांना आता बोलणं भाग होतं. त्यांनी मुलीकडं एकदा डोळे वटारले. मग म्हणाले, "खेळतो तर. ह्या दोन पोरांच्या मधी गेली चोवीस वर्षं चेंडू मीच हाय."

अमीनसाहेब हसले. आवाज न करता, पण खांदे हलेपर्यंत. मग त्यांनी आपल्या कागदावर सावकाश लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं: क्लबच्या सदस्यांत बाजारातले वयस्कर, इज्जतदार व्यापारी आहेत. मामला फक्त खेळाचा आहे. भिंतीवरचा कागद जनावरानं खाल्ल्यानं गैरसमज झाला. जबाबदार म्हणून कुणाचंच नाव त्यात नव्हतं.

"आणखी कुणी व्यापारी मेंबर हाय का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "दो हों तो अच्छा है. एक जरा अकेला लगता है."

हणमंतप्पानं वही बहिणीच्या हातातून घेतली, डावीकडून उघडली आणि बापाच्या दोन ओळींखाली, अगदी खेटून, आपलं नाव लिहिलं.

उठताना अमीनसाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढून सोमलिंगच्या शाई लागलेल्या हातात दिला. फेडरेशनला धाडलेलाच अर्ज तो. टपालात अडवलेला, कड फोडलेली.

"हे आत्ता धाडू नका," ते म्हणाले. "बार्शीला यंदा न्हाय. मला जेवढं जमलं तेवढं हे."

सोमलिंगनं मान हलवली. लिफाफा खिशात घालत तो 'शुक्रिया' म्हणाला. जैनोद्दीननं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात साहेब वळणाआड जाईपर्यंत तिथंच राहिला.

आत ताहेराबी आणि चन्नम्मा एकमेकींना चुलीवर काय काय ठेवायचं ते एकाच वेळी सांगू लागल्या. हणमंतप्पा दारात उभा राहून जैनोद्दीनला विचारत होता, मेंबराला खेळावंच लागतं का, की नुसतं नाव असलं तरी चालतं? जैनोद्दीन म्हणाला, "गोलीला उभं राहा, अण्णा. तुमी नुसते उभे राहिलात तरी निम्मा गोल झाकतोय." हणमंतप्पानं त्याच्या डोक्यावर टपली मारली, पुष्कळ वर्षांनी.

ओसरीवर बसप्पा एकटेच राहिले होते. शिवकांता त्यांचा चहाचा पेला उचलायला गेली.

"शिवकांता."

"जी, अप्पा."

"दुसरी ओळ वाचली न्हाईस."

तिनं पेला उचलला. तळाशी साखर राहिली होती.

"ती ओळ खोटी होती, अप्पा," ती म्हणाली. "मी खोटं वाचत न्हाय."